दुसऱ्या गावातली प्रत

पेणमध्ये बारा महिने गणपती बनतात, त्यामुळे गावाला नव्या पाटीचं कौतुक कमीच. सत्त्याण्णव साली एका मूर्तींच्या कारखान्याच्या माडीवर ‘नोकरदारांसाठी डेटाबेस अॅडमिनिस्ट्रेशन, सायंकाळी सात ते नऊ’ अशी पाटी लागली, तेव्हा लोकांनी ती महिनाभर नुसती वाचली. खालच्या रंगाऱ्यांना वाटलं, बँकेच्या परीक्षेची शिकवणी असणार. जिना चढून वर गेलं की चार कंप्युटर, त्यांच्यावर चादरी आणि चादरींवर प्लॅस्टरची पांढरी धूळ. निलेश सर रोज वर्गाआधी त्या चादरी खिडकीतून झटकायचे आणि रोज खालून कोणीतरी सांगायचं, सर, रंग ओला आहे.

निलेश सर मुंबईत एका बँकेचा डेटाबेस सांभाळून आलेले. वडील अंथरुणाला खिळले म्हणून गावी परतले आणि जे येत होतं ते शिकवायला बसले. बोलणं तिरकस, पण शिकवणं असं की डोक्यातून जाता जात नसे. विद्यार्थी तरी कोण, तर पतपेढीचे दोन कारकून, एसटी डेपोतले एक गृहस्थ, ज्यांना घरी लवकर जायचं नसे, आणि शाझिया.

शाझिया रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कंपनीत हजेरी आणि पगाराचा हिशेब कंप्युटरवर चढवायची. सकाळी सातला पेणहून कंपनीची बस, संध्याकाळी सहाच्या सुमाराला परत, घरी तोंडावर पाणी मारायचं, चहाचा घोट घ्यायचा आणि वर्गाला पळायचं. नऊला भाऊ आकिब जिन्याखाली उभा असायचा. एवढी धावपळ ती हौसेने करत नव्हती. कंपनीने नवा सर्व्हर घेतला होता. पर्सोनेल मॅनेजर टिपणीस साहेबांनी तिला सांगितलं होतं की हा कोर्स पुरा कर, सर्व्हर तुझ्या ताब्यात देतो आणि दिवाळीनंतर तुला पर्मनंट करतो.

या ‘पर्मनंट’ शब्दावर तिच्या घरात एक माणूस अडकून पडला होता. तिचे अब्बा, खलील, ती चौथीत असल्यापासून मस्कतला ट्रक चालवत होते. कंबर गेली होती, पण घर त्यांच्यावर चालत होतं. दर शुक्रवारी शेजारच्या फोनवर त्यांचा आवाज यायचा आणि शेवटी एकच वाक्य असायचं. “तू पक्की झालीस का मी येतो गो. मग नाय परत जायचा.” अम्मीने तर त्यांच्यासाठी खाटही विणून घेतली होती. शाझिया ती खाट बघून रोज घराबाहेर पडायची.

वर्गात सरांनी दोन गोष्टी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकल्या होत्या. पहिली, चालू डेटाबेसची वीज काढणं म्हणजे जेवत्या माणसापुढून ताट ओढणं. आधी त्याला सांगा, हात धुऊ द्या, मग बंद करा. दुसरी गोष्ट बॅकअपची. “देव चराचरात असतो,” सर म्हणाले. “डेटा नसतो. तो जिथे ठेवला तिथेच असतो आणि ती जागा गेली की तोही जातो. नागोठण्यात अंबा नदीला पूर आला तेव्हा ज्यांनी दुकानाचे कागद माळ्यावर टाकले त्यांचेही भिजले. ज्याचे बहिणीकडे पेणला होते, त्याचे राहिले. म्हणून एक प्रत मशीनजवळ आणि एक दुसऱ्या गावात. विसरलात तर माझं नाव सांगू नका.”

शाझिया विसरणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्याच दिवशी ती टिपणीस साहेबांपुढे उभी राहिली. दर शनिवारी सगळा डेटा एका टेपवर उतरवून ती टेप कंपनीबाहेर ठेवायला हवी, परवानगी द्याल का? साहेब म्हणाले, “बघू.”

टिपणीस साहेबांचं ‘बघू’ हे कंपनीतलं एक स्वतंत्र खातंच होतं. त्यात गेलेली गोष्ट बाहेर आलेली कोणी पाहिली नव्हती. माणूस वाईट नव्हता, पण ज्यावर सही करावी लागते अशा प्रत्येक गोष्टीची त्याला धास्ती. शाझियाने परत विचारलं, परत ‘बघू’. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा साहेब फोनवर होते, त्यांनी नुसता हात हलवला. त्या हाताचा अर्थ तिने आपल्याला हवा तसा घेतला.

ऑफिसात दोन टेपा होत्या, त्या सर्व्हरच्या काचेच्या खोलीत कपाटात असायच्या. तिने तिसरी टेप भरली आणि शनिवारी रिकाम्या जेवणाच्या डब्यात घालून घरी नेली. गेटवरचा केरू सगळ्यांच्या पिशव्या बघायचा, बायकांचे डबे मात्र उघडायचा नाही. आपण चोरी करतोय असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं आणि तिने ते झटकलं. कंपनीचंच भलं करतोय, मग भ्यायचं कशाला? पण भीती वाटलीच.

घरी अम्मीने, आमनाने, ती कॅसेटसारखी डबी उलटीसुलटी करून पाहिली. “ये काय हाय गो?”

“कंपनीचा जीव हाय त्यात, अम्मी. जपून ठेव.”

“त्यांचा जीव आपल्या कपाटात कशाला?” आमना म्हणाली. “उद्या त्यांचा काय झाला तर आपल्याला इचारतील.” तरी तिने ती आपल्या लग्नातल्या ओढणीखाली ठेवली. शाळेत ती फार गेली नव्हती, पण जग तिला कळत होतं. मग दर शनिवारी शाझिया टेप नेऊन नवा डेटा भरायची आणि त्याच डब्यातून परत आणायची.

पावसाळा सरला, भाताला लोंब्या आल्या आणि खंडेनवमी उजाडली.

त्या दिवशी कंपनीत सगळी यंत्रं बंद करून धुवायची, पुसायची, झेंडूच्या माळा घालायच्या आणि हत्यारांची पूजा करायची हा तिथला रिवाज. वर्षभर राबलेल्या यंत्राला एक दिवस विश्रांती. एकदा पूजेत ठेवलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. या सगळ्याचा कर्ता पुंडलिक. गडब गावचा हा माणूस कंपनी सुरू झाल्यापासून तिथे इलेक्ट्रिशियन. निवृत्तीला दोन-अडीच वर्षं राहिली होती. स्वतःच्या शेतातल्या लोंब्या आणून प्रत्येक यंत्राला बांधायचा, मग ते मिक्सर असो की पाण्याचा पंप. शाझियाला तो बसमध्ये खिडकीची जागा राखून ठेवायचा आणि स्वतःच्या पोरीशी बोलावं तसं बोलायचा.

सर्व्हरवर त्या सकाळी दिवाळीच्या बोनसचं काम चालू होतं. चारशे कामगारांची वर्षभराची हजेरी एकत्र होत होती. काम सुरू करताना शाझियाने हिशेब केला होता की दुपारच्या पूजेपर्यंत ते संपेल. पण भटजींना नागोठण्याला दुसरीकडे जायचं होतं, म्हणून पूजा सकाळीच घ्यायची ठरली. हे तिला कोणी सांगितलं नाही. कोणी मुद्दाम लपवलं असंही नाही. पूजेची वेळ तिला सांगायला हवी हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

ती खोलीतून बाहेर आली तेव्हा हॉलमध्ये सगळे जमले होते. पाटावर नटबोल्टचे पाने, पक्कड, तराजू, ब्रश, टाइपरायटर असं सगळं मांडलेलं. आणि त्यांच्यात, हळदीकुंकू लावलेल्या, अक्षता टाकलेल्या, तिच्या दोन टेपा.

“तुजी हत्यारा पण ठेवली गो,” पुंडलिक म्हणाला. “अकौंटातल्या साहिलला इचारला, हिचा हत्यार कंचा? तो बोलला ह्या. वल्या फडक्यानं चांगल्या पुसून काढल्या. तुजाच काय ते पूजेत नाय असा नको व्हायला.”

शाझियाला आनंद झाला. हे आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या आनंदामुळे झालं. एवढ्या माणसांत ती एकटी मुसलमान. चार-पाच वर्षांपूर्वीचे दंगलीचे दिवस कोणी विसरलं नव्हतं, फक्त कोणी बोलत नव्हतं. आणि इथे एका म्हाताऱ्याने तिच्या टेपांना कुंकू लावलं होतं. ओल्या फडक्याचं पाणी आणि कुंकवाची पूड टेपच्या फटीतून आत गेली असणार हे तिला दिसत होतं. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. पूजेतली वस्तू उचलायची कशी, आणि तीही तिने?

टिपणीस साहेब बूट काढून, हातात नारळ घेऊन उभे होते. भटजी घड्याळ बघत होते. पुंडलिक मेन स्विचकडे निघाला आणि जाता जाता म्हणाला, “बंद करू ना गो पोरी?”

“काका, थोडा वेळ थांबता येईल?” ती हळूच म्हणाली. “आत काम चालू आहे.”

साहिल तिच्या शेजारीच होता. तिच्याच वयाचा, बडबड्या. “शाझिया, आता आमच्या देवाने तुझ्या कंप्युटरसाठी लायनीत उभं राहायचं काय?”

सगळे हसले. साहेबही हसले. त्यात वाकडं काही नव्हतं, साहिल उद्या स्वतःच्या आईवरही असा विनोद करेल. पण शाझियाचे कान तापले. आता आणखी एकदा ‘थांबा’ म्हटलं तर ते वाक्य कंपनीभर फिरेल आणि फिरता फिरता त्याचं काय होईल हे तिला चांगलं माहीत होतं. दिवाळी तोंडावर आली होती. ती म्हणाली, “करा, काका.”

पुंडलिकने मेन स्विच खाली ओढला. काचेच्या खोलीतला, वीज गेली तरी सर्व्हर चालू ठेवणारा यूपीएस टीं टीं करायला लागला. पूजेत आवाज नको म्हणून पुंडलिकने आत जाऊन त्याचंही बटण बंद केलं. मग एकदम शांत झालं आणि भटजींनी मंत्र सुरू केले. शाझियाने प्रसादाचा पेढा घेतला. तो खाताना तिची नजर काचेच्या खोलीवर होती.

दसऱ्याची सुट्टी संपवून लोक परत आले. सर्व्हर चालू झाला, पण डेटाबेस उघडेना. शाझियाने वर्गात शिकलेलं एकेक करून पाहिलं. उघडला तेव्हा निम्म्या कामगारांची वर्षाची हजेरी गायब होती आणि उरलेल्यांची एकमेकांत मिसळली होती. तिने पूजेतली पहिली टेप पुसून यंत्रात घातली. आतून खरखर आवाज आला आणि टेपची पट्टी गुंतून बाहेर आली, तिला लाल डाग. दुसरीचंही तेच.

दुपारी टिपणीस साहेब स्वतः आले. त्यांनी कपाट उघडून कोपरा न् कोपरा पाहिला. आणखी टेप आहे का, त्यांनी विचारलं. “इथे नाही,” शाझिया म्हणाली. हे खरं होतं. साहेबांनी कपाटाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की हजेरीची कार्डं गोदामातून काढून पुन्हा हाताने चढवावी लागतील, बोनस दिवाळीला मिळणार नाही, आणि ज्याने परवानगीशिवाय यूपीएसला हात लावला त्याला उद्या दुपारी सस्पेन्शनचा मेमो मिळेल.

पुंडलिक दाराशी उभा होता. “मी दरवर्साला करतो साहेब,” एवढंच तो म्हणाला. नारळ हातात धरून समोर कोण उभं होतं ते त्याने काढलं नाही. इतर कोणीही काढलं नाही. दिवाळीचा बोनस गेला म्हटल्यावर माणसं एका म्हाताऱ्याकडे कशी बघायला लागली, ते शाझियाने त्या संध्याकाळी बसमध्ये पाहिलं. तिच्यासाठी राखलेली खिडकीची जागा रिकामी होती. पण त्याच्या शेजारी बसायची तिची हिंमत झाली नाही.

त्या दिवशी वर्गात सर काय शिकवत होते ते तिच्या कानावर पडत होतं, आत जात नव्हतं. नऊला बाकीचे उतरले तरी ती बसून राहिली. सर चादरी घालायला लागले.

“सर, दुसऱ्या गावात प्रत असेल, पण ती न विचारता नेलेली असेल, तर?”

निलेश सरांनी हातातली चादर खाली ठेवली. ते हुशार होते, त्यांना आणखी काही विचारावं लागलं नाही. “गुपचूप परत ठेवता येईल?”

“नाही. कपाट साहेबांनी स्वतः झाडून पाहिलंय. सगळ्यांसमोर.”

“मग प्रत लावलीस की डेटा वाचेल. तू वाचशील की नाही ते सांगता येत नाही.” नेहमीचा तिरकस सूर त्यांच्या आवाजात नव्हता. “मी वर्गात फक्त डेटाचं सांगितलं, शाझिया. माणसांचंही सांगायला हवं होतं. पण ते मलाच कोणी शिकवलं नाही.”

घरी अम्मीने ओढणी उचलली, टेप काढली आणि हातात घट्ट धरून ठेवली. “नको नेऊ. तो पुंडलिक कोण आपला? त्याचा पोरगा हाय, शेत हाय. तुझा बाप तिथं कंबर धरून गाडी चालवतो. तू पक्की झालीस नाय तर तो मरंल तिकडं.”

“अम्मी, त्यांनी माझ्या वस्तू पूजेत ठेवल्या म्हणून झालं हे.”

“म्हणून तर सांगतंय. लोकांच्या मायेला भुलू नको.”

“आणि मी ‘करा’ म्हटलं, अम्मी. मला माहीत होतं काय होईल. त्यांना नव्हतं.”

 आमनाने डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही, लपवलंही नाही. शेवटी टेप तिने डब्यात ठेवली आणि वर झाकण लावलं. झाकण लावताना तिने जे तोंडातल्या तोंडात म्हटलं ती दुआ होती की शिवी, ते दाराशी उभ्या आकिबला समजलं नाही.

सकाळी गेटवर शाझियाने डबा स्वतःहून उघडून केरूला दाखवला. केरू गोंधळला. तो साहेबांना फोन लावेपर्यंत ती साहेबांच्या केबिनमध्ये पोचलीही होती.

“तिसरी प्रत आहे, साहेब. मी दर शनिवारी घरी नेत होते. मी तुम्हाला विचारलं होतं.”

टिपणीस साहेबांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. लहान पोराला हरवलेली चप्पल सापडावी तसे ते हसले. मग ते हसू गेलं. “घरी?” ते म्हणाले. “तुझ्या घरी?”

“हो साहेब.”

“आधी ते चालू कर. मग बघू.”

टेप लागली. संध्याकाळपर्यंत वर्षाची हजेरी जिथल्या तिथे आली. राहिलेल्या तीन-चार दिवसांची कार्डं तिने आणि साहिलने मिळून चढवली. साहिल त्या दिवशी एकही विनोद करू शकला नाही. मध्येच थांबून तो म्हणाला, “मी तसं मनात ठेवून बोललो नव्हतो गं.” ती म्हणाली, “माहीत आहे.” आणि तिला खरंच माहीत होतं. त्याने काही फरक पडत नव्हता एवढंच.

बोनस दिवाळीआधी वाटला गेला. पुंडलिकचा मेमो टाइप होऊन पडला होता, तो फाडला. कामगारांनी यंत्रांपुढे पणत्या लावल्या. आणि भाऊबीज झाल्यावर पहिल्याच सोमवारी शाझियाची चौकशी बसली.

मुख्य ऑफिसातून एक गृहस्थ आले होते. आवाज मऊ, प्रश्न लहान. टेप घरी कुठे ठेवत होता? कोणाकोणाला दाखवली? घरी कंप्युटर आहे? नाही? शेजारी? वडील काय करतात?

“मस्कतला असतात.”

गृहस्थांनी ते लिहून घेतलं. “तिथे कोणाच्या कंपनीत?”

शाझियाने सांगितलं. सांगताना तिला कळलं की या प्रश्नाचा टेपशी काही संबंध नाही आणि आता सगळा संबंध याच प्रश्नाशी आहे. तिला संताप आला. तिथल्या तिथे उठून जावं असं वाटलं. पण उठून गेली असती तर तेही त्यांनी लिहून घेतलं असतं.

“साहेबांना मी तीनदा विचारलं होतं,” ती म्हणाली.

टिपणीस साहेब समोरच्या पेपरवेटकडे बघत होते. “मी परवानगी दिल्याचं मला आठवत नाही,” ते म्हणाले. हेही खरंच होतं.

साक्षीला पुंडलिकला बोलावलं. धुतलेला शर्ट घालून, टोपी हातात धरून तो आला. तिला टेप नेताना पाहिलं का, एवढाच प्रश्न होता. “नाय पायला,” तो म्हणाला आणि गेला नाही. “साहेब, येक सांगायचा हाय. पूजेला ती थांबा बोलली व्हती. मी आयकला. आमी समदी हसलो तिला. साहेब पण हसले.”

 टिपणीस साहेबांचे कान लाल झाले. मुख्य ऑफिसच्या गृहस्थांनी पेनाला टोपण लावलं आणि अगदी मऊपणे म्हणाले, “ते या चौकशीत येत नाही.”

पुंडलिक म्हणाला, “मग कंच्या चौकशीत येतो?”  तो टोपी घालून बाहेर गेला. शाझियाला त्या घटकेला मोठ्याने रडावंसं वाटलं, आणि ते दुःखाने नव्हतं.

निकाल लागायला आठवडाही लागला नाही. कंपनीची माहिती परवानगीशिवाय बाहेर नेली म्हणून तिला कायम करता येत नाही. तिच्या सेवेबद्दल कंपनी आभारी आहे. महिनाअखेरपर्यंत तिने सगळं काम साहिलला समजावून द्यावं. निलेश सरांच्या वर्गाची साहिलची फी कंपनी भरणार होती.

तिने साहिलला मन लावून शिकवलं. लोकांना त्याचं नवल वाटलं, पण डेटाबेसने तिचं काय वाकडं केलं होतं? वीज काढायच्या आधी काय करायचं ते तिने त्याच्याकडून इतक्यांदा करवून घेतलं की तो कंटाळला. पुंडलिकने आपण होऊन यूपीएसवर तांबड्या रंगाने ‘इचारल्याबिगर हात लावू नये’ असं रंगवलं आणि खाली लोंबी बांधली.

शुक्रवारी अब्बांचा फोन आला. अम्मीने आधीच सांगून ठेवलं असावं, कारण त्यांनी काहीच विचारलं नाही. इकडे आता हवा बरी हाय म्हणाले. नवा सेठ चांगला हाय, गाडीला गादीपण नवी बसवून दिलीय. शाझिया नुसती हं हं करत राहिली. शेवटचं वाक्य येईल म्हणून ती थांबली. ते वाक्य आलं नाही. “कोर्स पुरा कर गो,” ते म्हणाले, “बाकीचा बघू.” घरी येऊन तिने अंगणातली खाट भिंतीला उभी करून ठेवली. रोज आडवी पडलेली तिला बघवली नसती.

तिचा शेवटचा दिवस शनिवारी आला. दुपारी साहिल एक टंकलेला कागद घेऊन आला, त्यावर टिपणीस साहेबांची सही. यावर सही करायला साहेबांना एकदाही ‘बघू’ म्हणावं लागलं नव्हतं. यापुढे दर शनिवारी डेटाची एक प्रत कंपनीबाहेर, दुसऱ्या गावात ठेवण्यात यावी. ती पर्सोनेल मॅनेजर यांच्या पेण येथील राहत्या घरी राहील. तिने कागद दोनदा वाचला. साहिल तिच्याकडे बघत नव्हता. “टेप भरून दे म्हणालेत,” तो पुटपुटला. तिने टेप भरली, तपासली, वर तारीख घातली आणि त्याच्या हातात दिली.

सुटायच्या वेळेला सगळे गेटकडे निघाले. साहेबांची गाडी पुढे होती. पुढच्या सीटवर, पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली टेप तिला काचेतून दिसली. केरूने फाटक उघडलं, सलाम ठोकला आणि गाडी पेणच्या रस्त्याला लागली.

मग बायकांची रांग आली. शाझियापाशी केरू थांबला. त्याने मान खाली घातली. “माफ कर पोरी, नवी ऑर्डर हाय,” तो म्हणाला, “आता डबं उघडायचं.” पुरुषांची रांग सोडून पुंडलिक तिच्या मागे येऊन उभा होता. त्याने आपलाही डबा काढून झाकण उघडलं आणि केरूपुढे धरला, कोणी मागितला नव्हता तरी. शाझियाने आपला उघडला. केरूने वाकून आत पाहिलं. आत सकाळचा अर्धा भात होता.